अमेरिकेचा शेतकरी आणि अमेरिकेचा कायदा

अमेरिकेचा प्रवास करून आलेले आमचे बहुतेक गृहस्थ तेथील शेतीविषयी बोलू लागले म्हणजे यंत्रांखेरीज दुसरे काही सांगत नाहीत. घराएवढाली कापणीची यंत्रे, एका कुटुंबाने वाहिलेली शेकडो एकर जमीन, विमानातून होणारी औषधांची फवारणी, ही वर्णने ऐकून आमचा तरुण शेतकरी थक्क होतो आणि आपल्या दोन-तीन एकरांच्या तुकड्याकडे पाहून खिन्नही होतो. असली यंत्रे आपणास मिळाली म्हणजे आपणही अमेरिकेसारखे होऊ, असा एक समज त्यातून पसरतो. दुसरा समज याच्या उलट टोकाचा आहे. तो असा की, अमेरिका हा केवळ धनिकांचा व कंपन्यांचा देश असून आम्ही शिकावे असे तेथे काहीच नाही. आमच्या मते हे दोन्ही समज अपुऱ्या माहितीचे आहेत. अमेरिकेच्या शेतीत जे चांगले आहे व जे वाईट आहे, त्या दोहोंचेही मूळ यंत्रात नसून तेथील कायद्यात व राजकारणात आहे. यंत्र हे फळ आहे. ते ज्या झाडास लागले त्या झाडाकडे पाहिल्यावाचून फळाची इच्छा धरणे व्यर्थ होय. म्हणून या लेखात आम्ही नांगराविषयी थोडे व कायद्याविषयी अधिक लिहिणार आहो.

शिकागोहून पश्चिमेकडे विमानाने जाणाऱ्या प्रवाशास खालची जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी दिसते. आयोवा, नेब्रास्का, कॅन्सस या राज्यांत मैलामैलावर रस्ते सरळ रेषेत धावतात व एकमेकांस काटकोनात छेदतात. आमच्याकडील बांध ओढ्याच्या वळणाने किंवा भावाभावांच्या वाटणीप्रमाणे वाकडे होतात, तसे तेथे क्वचितच आढळते. हा आकार निसर्गाने दिलेला नाही. तो १७८५ सालच्या एका कायद्याने दिला. सहा मैल लांब व सहा मैल रुंद असा एक चौकोन, त्याचे ३६ भाग, आणि प्रत्येक भाग ६४० एकरांचा, अशी मोजणीची रीत त्या कायद्याने ठरविली. त्या ३६ भागांपैकी १६ व्या क्रमांकाचा भाग सार्वजनिक शाळेकरिता राखून ठेवावा, असेही त्यात लिहिले होते. जमिनीस गिऱ्हाईक मिळण्यापूर्वीच गावच्या शाळेची तरतूद करून ठेवणारी ही दृष्टी आम्हास त्या देशातील कोणत्याही प्रचंड यंत्राहून अधिक विचार करण्याजोगी वाटते.

पुढे १८६२ साल आले. त्या वेळी अमेरिकेत यादवी युद्धाचा वणवा पेटला होता आणि राज्य टिकते की फुटते हेच निश्चित नव्हते. अशा वेळी अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी दोन महिन्यांच्या आत शेतीविषयक तीन कायद्यांवर सह्या केल्या. १५ मे रोजी स्वतंत्र शेतकी खाते स्थापन झाले. २० मे रोजी वसाहतीचा कायदा झाला. जो कुटुंबप्रमुख पाच वर्षे जमिनीवर राहून ती कसील त्यास नाममात्र शुल्कावर १६० एकर सरकारी जमीन मालकीने द्यावी, असा त्याचा आशय होता. २ जुलै रोजी मॉरिल यांच्या नावाने प्रसिद्ध असलेला महाविद्यालयांचा कायदा झाला. त्यान्वये प्रत्येक राज्यास, काँग्रेस या तेथील विधिमंडळातील त्याच्या प्रत्येक प्रतिनिधीमागे ३०,००० एकर या प्रमाणात जमीन मिळाली, आणि तिच्या विक्रीच्या पैशातून शेतकी व यंत्रविद्येची महाविद्यालये उभारावयाची होती. युद्ध चालू असता राज्यकर्त्यांस शेतकऱ्याच्या मुलाच्या शिक्षणाची आठवण व्हावी, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु ही जमीन आली कोठून, हा प्रश्न विचारल्यावाचून आम्ही पुढे जाऊ इच्छीत नाही. ती ओसाड पडलेली नव्हती. तिच्यावर तेथील मूळ रहिवाशांच्या शेकडो जमाती नांदत होत्या. कित्येकांकडून तहाच्या नावाखाली, कित्येकांकडून बळाने ती घेण्यात आली. १८३० च्या कायद्याने मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील जमातींस पश्चिमेस हुसकावून लावले. १८८७ च्या डॉज कायद्याने उरलेल्या सामाईक जमिनीचे तुकडे पाडून ते एकेकाच्या नावे केले व बाकीची जमीन गोऱ्या वसाहतवाल्यांस मोकळी करून दिली. त्या वर्षी या जमातींकडे सुमारे १३ कोटी ८० लक्ष एकर जमीन होती. १९३४ पर्यंत ती सुमारे ४ कोटी ८० लक्ष एकरांवर आली. महाविद्यालयांच्या देणगीत गेलेली एक कोटीहून अधिक एकर जमीनही याच जमातींची होती. एकाच्या हाती सनद देणाऱ्या कायद्याने दुसऱ्याच्या हातची भाकर काढून घेतली.

निग्रो शेतकऱ्यांची कथाही अशीच आहे. १८६५ च्या जानेवारीत सेनापती शर्मन यांनी दक्षिणेच्या किनारपट्टीवरील जमीन मुक्त झालेल्या गुलामांस कुटुंबामागे चाळीस एकरांपर्यंत देण्याचा हुकूम काढला. लिंकन यांच्या खुनानंतर आलेले अध्यक्ष जॉन्सन यांनी तो त्याच वर्षी रद्द केला आणि जमिनी जुन्या मालकांस परत गेल्या. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी कापूस वेचला ते पुन्हा त्याच शेतात बटाईने राबू लागले व मालकाच्या दुकानच्या उधारीत बुडाले. तरीही पोटास चिमटा घेऊन पुष्कळांनी जमिनी विकत घेतल्या. सरकारी शेतकी खात्याने कर्ज देताना त्यांच्याशी भेदभाव केला, हा दावा शेवटी न्यायालयात गेला व १९९९ साली त्यावर मोठी तडजोड मान्य झाली. पण तोवर बहुतेकांच्या जमिनी गेल्या होत्या. ज्याच्या नावे उतारा नाही त्याचे श्रम मातीत जिरून जातात, हे आमच्याकडील कुळांस व भूमिहीनांस कोणी सांगावयास नको.

आमच्या लोकांसही या कायद्याचा चटका बसला आहे. कॅलिफोर्नियाच्या इंपीरियल खोऱ्यात विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक पंजाबी शेतकरी जाऊन वसले व त्यांनी तेथील उष्ण जमीन पिकती केली. १९१३ च्या तेथील कायद्याने, ज्यास नागरिकत्व मिळू शकत नाही अशा परकीयास जमीन धारण करण्याची बंदी घातली. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंदी मनुष्य नागरिकत्वास पात्र नाही असा निकाल दिला. परिणामी कित्येकांस दुसऱ्याच्या नावे जमीन ठेवून कसावी लागली. १९४६ च्या कायद्याने हा अन्याय दूर झाला. त्यानंतर दहाच वर्षांनी त्याच खोऱ्यातील दलीपसिंग सौंद हे शेतकरी तेथील काँग्रेसवर निवडून गेले. ज्या देशाच्या कायद्याने आपणास जमीन नाकारली त्याच देशाचा कायदा करण्याच्या आसनावर जाऊन बसणे, हा त्या राज्यपद्धतीचा खरोखर मोठा गुण होय. आणि तो आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो.

आता महाविद्यालयांकडे वळू. १८८७ च्या कायद्याने त्यांस प्रयोगक्षेत्रे जोडण्यात आली आणि १९१४ च्या कायद्याने प्रयोगाचे ज्ञान शेतकऱ्याच्या दारी नेणारे कार्यकर्ते जिल्ह्याजिल्ह्यांत नेमण्यात आले. शिक्षण, प्रयोग व प्रसार या तीन गोष्टी एकाच संस्थेच्या छत्राखाली आल्या. यातही वर्णभेद होताच. दक्षिणेकडील ज्या राज्यांनी निग्रो विद्यार्थ्यांस दारे बंद केली होती त्यांस १८९० च्या कायद्याने वेगळी महाविद्यालये काढावी लागली. परंतु ज्ञान शेतकऱ्याकडे कसे न्यावे याचा एक सुंदर धडा अशाच उपेक्षितांच्या शाळेने दिला. अलाबामातील टस्कीगी येथील जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी १९०६ साली घोड्याची एक गाडी सज्ज करविली. तिच्यात अवजारे व बियाणे घालून ती खेडोपाडी फिरविली जाई आणि शेताच्या बांधावरच शिक्षण दिले जाई. कापसाने निःसत्त्व झालेल्या जमिनीत भुईमूग व चवळी पेरण्याचा उपदेश कार्व्हर यांनी केला, तो गरीब शेतकऱ्यास परवडणारा होता म्हणूनच तो रुजला.

या विद्येचा ओघ आमच्याकडेही आला आहे. वर्ध्यास जन्मलेले क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे अमेरिकेच्या वायव्य भागातील शेतकी महाविद्यालयांत शिकले. पुढे मेक्सिकोत त्यांनी मक्यावर संशोधन केले व तेथील गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा चालविल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून अर्थशास्त्र शिकून आले आणि १९१८ साली त्यांनी हिंदुस्थानातील लहान शेतांवर निबंध लिहिला. शेत लहान की मोठे हे केवळ एकरांवर ठरत नाही. त्यावर किती भांडवल व किती माणसे आहेत यावर ते ठरते, असे त्यांचे म्हणणे होते. शेतीवर पडलेला माणसांचा जादा भार उद्योगधंद्यांनी हलका केल्यावाचून नुसत्या तुकडेजोडीने काम भागणार नाही, हा त्यांचा निष्कर्ष आजही तितकाच ताजा आहे. पुढे आमच्या शेतकी विद्यापीठांची रचना याच अमेरिकन नमुन्यावर झाली. १९६० साली पंतनगर येथे पहिले विद्यापीठ निघाले; महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील विद्यापीठे १९६८ ते १९७२ या काळात उभी राहिली. रचना घेतली, इमारती बांधल्या. मात्र बांधावर जाणारी ती गाडी आम्ही पुरेशी आणली काय, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

अमेरिकन शेतकऱ्यास हे सारे सरकारने आपणहून दिले, अशी कोणाची समजूत असल्यास ती चुकीची आहे. १८६७ साली ऑलिव्हर केली यांनी ग्रेंज नावाचा शेतकऱ्यांचा संघ काढला. त्या काळी धान्य बाजारात नेणाऱ्या रेल्वे कंपन्या व ते साठविणारी शिकागोची प्रचंड कोठारे मन मानेल तो दर लावीत. शिकागोतील ही कोठारे अवघ्या नऊ पेढ्यांच्या ताब्यात होती. आडत, तोलाई, हमाली यांचा अनुभव असलेल्या आमच्या वाचकांस ही स्थिती अपरिचित वाटणार नाही. शेतकऱ्यांच्या रेट्यामुळे इलिनॉय राज्याने १८७१ मध्ये साठवणुकीच्या दरास कमाल मर्यादा घालणारा कायदा केला. कोठारवाले न्यायालयात गेले. आमच्या मालमत्तेचा आम्ही काय भाव घ्यावा हे सरकारने सांगू नये, असे त्यांचे म्हणणे. १८७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, जी मालमत्ता सार्वजनिक उपयोगात आणून तिचा मालक लोकांच्या हिताशी संबंध जोडतो, तिच्यावर लोकांच्या वतीने नियंत्रण ठेवण्याचा अधिकार विधिमंडळास आहे. पुढे १८८७ साली आंतरराज्य रेल्वेभाड्यावर देखरेख ठेवणारा कायदा झाला, आणि १९२२ च्या कायद्याने शेतकऱ्यांनी एकत्र येऊन माल विकणे हा मक्तेदारीचा गुन्हा नव्हे, असे स्पष्ट ठरले. वीजही अशाच प्रकारे आली. १९३५ च्या सुमारास दहा शेतांपैकी जेमतेम एकावर वीज होती, कारण विरळ वस्तीत तारा नेणे खाजगी कंपन्यांस परवडत नव्हते. १९३६ च्या कायद्याने सरकारने शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांस कर्जे दिली व त्यांनी स्वतः खांब उभे केले. प्रवरानगरचा साखर कारखाना ज्या तत्त्वावर उभा राहिला ते तत्त्व व्यक्तिस्वातंत्र्याचा डिंडिम वाजविणाऱ्या अमेरिकेतही शेतकऱ्यास आधार देत होते, हे सहकाराची थट्टा करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

परंतु जमिनीची प्रकृती न पाहता केलेला कायदा जमिनीसच कसा मारतो, तेही अमेरिकेनेच दाखविले. १६० एकरांचे माप पाऊसपाण्याच्या आयोवात ठीक होते. पश्चिमेकडील कोरड्या पठारावर ते चुकीचे होते. जॉन वेस्ली पॉवेल या शास्त्रज्ञाने १८७८ सालीच सांगितले की, तेथे ओलिताखाली ८० एकर पुरे, पण चराऊ शेतास २,५६० एकर लागतील; सगळीकडे एकच माप लावू नका. त्याचे कोणी फारसे ऐकले नाही. पहिल्या महायुद्धात गव्हाचे भाव चढले तेव्हा हजारो वर्षांचे गवत उपटून लोकांनी ते पठार नांगरून टाकले. १९३० नंतर अवर्षण आले, भाव पडले, आणि उघडी माती वाऱ्यावर उडू लागली. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी दुपारी ओक्लाहोमा व टेक्सासच्या भागात धुळीने अंधार पडला. त्याच महिन्यात ह्यू बेनेट यांच्या प्रयत्नाने मृद्‌संधारणाचा कायदा झाला. समपातळीत नांगरणी, पट्टापेर, गवताचे आच्छादन हे उपाय आमच्या कोरडवाहू मुलखातही आम्ही जाणतो. पण माती उडून जाण्यापूर्वी कायदा करण्याचे शहाणपण माणसास क्वचितच सुचते.

त्याच मंदीत शेतमालाचे भाव उचलण्यासाठी १९३३ चा कायदा आला. उभा कापूस नांगरून टाकण्यात आला व लाखो डुकरांची पिले मारण्यात आली. लोक उपाशी असता हे घडले. पेरा कमी केल्याबद्दल मिळालेली रक्कम बहुतांशी जमीनमालकांकडे गेली आणि बटाईदार रस्त्यावर आले. पुढे १९३८ च्या कायद्याखाली ओहायोच्या रॉस्को फिल्बर्न या शेतकऱ्यास ११.१ एकर गव्हाची परवानगी असता त्याने २३ एकर पेरले. जादा पिकाचा उपयोग घरचे पीठ, बियाणे व गुरांचे खाद्य यांसाठी व्हावयाचा होता. तरीही त्यास ११७ डॉलर दंड झाला आणि १९४२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. घरी खाल्लेला गहू बाजारातील मागणी घटवितो, सबब तोही व्यापारच, असा त्याचा युक्तिवाद. गव्हाच्या बहुसंख्य उत्पादकांनी मतदानाने ही मर्यादा मान्य केली होती, हे खरे. तथापि सरकारकडून भावाची हमी मागणाऱ्याने सरकारचा हात आपल्या कणगीपर्यंत पोहोचू शकतो हे जाणूनच ती मागावी. हमीभाव मागू नये, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. परंतु मागणीबरोबर अटी कोण लिहिणार, हेही विचारले पाहिजे.

आणि इतके करून तेथील लहान शेतकरी वाचला काय? १९३५ साली अमेरिकेत सुमारे ६८ लक्ष शेते होती व सरासरी शेत १५५ एकरांचे होते. २०२२ च्या गणनेत शेतांची संख्या सुमारे १९ लक्षांवर आली व सरासरी ४६३ एकर झाली. शेतीसाहाय्य बहुधा एकर व उत्पादन यांच्या प्रमाणात दिले जात असल्याने त्याचा मोठा वाटा मोठ्या शेतांकडे जातो आणि त्या पैशातून शेजारचे लहान शेत विकत घेतले जाते. २०१८ साली चीनबरोबर जकातीचे युद्ध जुंपले तेव्हा तेथील सोयाबीनचे गिऱ्हाईक गेले. सरकारने त्या व पुढच्या वर्षाच्या नुकसानीपोटी शेतकऱ्यांस सुमारे २,३०० कोटी डॉलर वाटले. इतके साहाय्य ज्यांच्या पाठीशी आहे त्यांच्या सोयाबीनशी व मक्याशी आमच्या लातूर-वाशीमच्या शेतकऱ्याने उघड्या बाजारात झुंजावे, असे म्हणणे म्हणजे पहिलवानापुढे पोर उभे करून कुस्ती बरोबरीची आहे असे सांगणे होय. २०१५-१६ च्या गणनेत आमच्या देशातील सरासरी धारणा १.०८ हेक्टर, म्हणजे अडीच-पावणेतीन एकर होती. परदेशी मालाच्या जकातीचा विचार करताना हा आकडा दिल्लीच्या मेजावर ठेवलेला असावा.

परावलंबनाचा अनुभव आम्हास आहेच. १९५४ च्या अमेरिकन कायद्याखाली आलेल्या गव्हाने व लाल मिलो ज्वारीने आमच्या कित्येकांचे प्राण वाचविले. त्याबद्दल कृतज्ञता असावी. पण १९६५-६६ च्या अवर्षणात अध्यक्ष जॉन्सन यांनी धान्याची जहाजे एकदम न सोडता थोडी थोडी सोडली आणि आमच्या धोरणावर दाब आणला. गाजर गवतही त्याच गव्हाबरोबर आले अशी सर्वत्र समजूत आहे; ती खरी असो वा नसो, दुसऱ्याच्या पोत्यातून धान्याबरोबर काय येईल याचा नेम नसतो, एवढे तरी त्यातून शिकावे.

शेवटी बियाणाचा प्रश्न. आमच्या मते आजच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने अमेरिकन कायद्यातील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण हेच आहे. आनंद मोहन चक्रवर्ती या मूळच्या बंगाली शास्त्रज्ञाने तयार केलेल्या सूक्ष्म जंतूवर पेटंट देता येते, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली पाच विरुद्ध चार मतांनी दिला. सजीवावर मालकी सांगण्याचे दार त्या एका मताने उघडले. २००१ साली वनस्पतींच्या वाणांवरही असे पेटंट चालते असे ठरले. त्याचा परिणाम इंडियाना राज्यातील व्हर्नन बोमन या वृद्ध शेतकऱ्यास भोगावा लागला. त्याने धान्याच्या कोठारातून साधे सोयाबीन विकत घेऊन दुबार पेरा म्हणून पेरले, पिकातून बी राखले व पुन्हा पेरले. त्या बियांत एका कंपनीचा पेटंट असलेला गुण होता. २०१३ साली न्यायालयाने एकमताने त्याच्याविरुद्ध निकाल दिला आणि ८४ हजारांहून अधिक डॉलरची भरपाई कायम राहिली. पीक काढून त्यातूनच पुढचे बी राखणे, हे जे मानवजातीने शेतीच्या आरंभापासून केले, ते तेथे नक्कल करण्याचा अपराध ठरले.

आमच्या देशाने येथे निराळी वाट धरली, आणि ती शहाणपणाची धरली असे आम्ही निःशंकपणे म्हणतो. आमच्या पेटंट कायद्यात वनस्पती व बियाणे यांस पेटंट नाही. २००१ च्या वाणसंरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या ३९ व्या कलमाने शेतकऱ्यास आपल्या पिकाचे बी राखणे, पेरणे, देवाणघेवाण करणे व विकणे हा हक्क दिला आहे. केवळ संरक्षित वाणाचे बी छाप लावून विकण्याची मनाई आहे. २०१९ साली एका अमेरिकन कंपनीने बटाट्याच्या वाणावरून गुजरातच्या शेतकऱ्यांवर दावे लावले. देशभर ओरड झाली, हेच कलम पुढे करण्यात आले व त्याच वर्षी दावे मागे घेण्यात आले. अमेरिकेत जाऊन झुंजण्याचे सामर्थ्यही आम्ही दाखविले आहे. हळदीने जखम भरते या घराघरांतील ज्ञानावर तेथे १९९५ साली पेटंट देण्यात आले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आमच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे पुरावे हजर करून ते १९९७ मध्ये रद्द करविले. आजीबाईच्या बटव्यातील हळद वाचली, ती लेखी पुराव्याने वाचली. जे लिहून ठेवलेले नव्हते ते हरविले असते.

यावरून आमचे सभासदांस सांगणे असे. प्रथम, आपल्या भागातील जुन्या वाणांची नोंद करा. अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांनी शाळेचे तोंड न पाहता देशी बियाणांचा साठा केला व २०२० साली त्यांस पद्मश्री मिळाली. त्यांनी केले ते प्रत्येक तालुक्यात होऊ शकते. शेतकऱ्यांच्या वाणाची सरकारी नोंदणी करता येते व त्या कामी शेतकऱ्यास शुल्क माफ आहे. दुसरे, बियाणाचा कोणताही नवा कायदा वा परदेशाशी होणारा करार पुढे आला की त्यात ३९ व्या कलमाचे काय होते, हे पहिल्याने विचारा. असले हक्क एका रात्रीत काढून घेतले जात नाहीत. एखाद्या परिशिष्टातील लहानशा वाक्याने ते झिजत जातात. तिसरे, पक्ष कोणताही असो, शेतकऱ्यांनी ग्रेंजप्रमाणे एका प्रश्नावर एकत्र येण्याची सवय लावून घ्यावी. चौथे, आपल्या मागणीत शेतमजुराचाही वाटा असावा. अमेरिकेच्या १९३५ च्या कामगार कायद्याने शेतमजुरास वगळले. कॅलिफोर्नियातील द्राक्षमळ्यांत १९६५ साली फिलिपिनो मजुरांनी संप केला, मेक्सिकन मजूर त्यांस मिळाले, तेव्हा कोठे दहा वर्षांनी त्या राज्यापुरता कायदा झाला. ऊसतोडणी करणाऱ्यांच्या बाबतीत आम्ही तितका काळ दवडू नये.

अमेरिकेची निंदा करावी किंवा स्तुती करावी, हा आमचा उद्देश नाही. त्या देशाने शेतीविषयी सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ कायदे केले, काही अत्यंत उदार, काही अत्यंत क्रूर. आणि त्यांचे परिणाम उघड्यावर मांडलेले आहेत. त्यांच्या अनुभवाचे मोल तेथल्या मूळ रहिवाशांनी, निग्रो बटाईदारांनी व लहान शेतकऱ्यांनी चुकविले आहे. आम्हास ते फुकट वाचावयास मिळते. ज्यांची मुले त्या देशात शिकावयास गेली आहेत अशा वाचकांनी त्यांस पत्रात यंत्रांच्या किमतीबरोबर एवढेही विचारावे की, तेथील गावात बियाणे कोणाचे आहे, कोठार कोणाचे आहे, आणि कायदा करणाऱ्या सभेत शेतकऱ्याच्या बाजूने कोण बोलतो. ही उत्तरे जमा करून आपल्या सभांत वाचली गेली, तर अमेरिकेच्या प्रवासाचा आमच्या शेतीस खरा उपयोग होईल.